‘विदेशी भुंगा आलाय’ म्हणण्याआधी भुसा हातात घेऊन बघा

प्रश्न अंबड तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा आहे. थोडक्यात असा: केसर आंब्याची बारा वर्षांची बाग आहे. त्यातल्या दोन झाडांच्या बुडाशी भुसा पडतोय आणि एकाची फांदी वाळली. विहिरीजवळ आजोबांच्या हातचा गावरान आंबा आहे, त्याच्याही खोडाला भोकं दिसतात. बांधावरच्या बाभळी एकेक करून पिवळ्या पडतायत. मोसंबीच्या खोडावर जाळी आली आहे. शेळ्यांच्या शेडसाठी शेंद्र्याच्या भंगारवाल्याकडून लाकडी पॅलेट आणले, त्यांतून पांढरं पीठ गळतंय. मुलाने मोबाइलवर अमेरिकेतल्या हिरव्या भुंग्याचा व्हिडिओ दाखवला, तेव्हापासून गावात एकच चर्चा आहे, विदेशी भुंगा आलाय. दुकानदार म्हणतो सगळ्या बागेवर फवारा. तर हा भुंगा खरंच बाहेरचा आहे का, झाडं तोडावी लागतील का, आणि आपल्या बाभळी-कडुलिंबांचंही अमेरिकेतल्यासारखं होईल का?

आधी कुऱ्हाड बाजूला ठेवा, फवारणीचा पंपही ठेवा. तुम्ही पाठवलेल्या फोटोंत एक किडा नाही, चार वेगवेगळे आहेत. त्यातले तीन आपल्याच रानातले, पिढ्यान्‌पिढ्या इथे असलेले. चौथा, पॅलेटमधला, कुठला आहे ते फोटोवरून सांगता येत नाही. पण तो वाळलेलं लाकूड खाणारा आहे, तुमच्या हिरव्या आंब्याशी त्याचं फारसं देणंघेणं नाही.

खोड पोखरणारी अळी डोळ्यांना दिसत नाही, दिसतो तो तिने बाहेर टाकलेला भुसा. त्यामुळे ओळख तिथूनच करायची. केसरच्या बुडाशी पडलेला भुसा चिमटीत घेऊन चोळा. जाड, धाग्याधाग्यांचा लागेल, मधे विष्ठेच्या गोळ्या असतील. भोकातून काळपट चिकट पाणी ओघळलेलं तुमच्या फोटोत स्पष्ट दिसतंय. हा भिरूड. शास्त्रीय नाव बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा. भुंगा पाच सेंटिमीटरच्या आसपास, राखाडी-तपकिरी, मिशा अंगापेक्षा लांब, डोक्यामागे पाठीवर दोन नारिंगी-गुलाबी ठिपके आणि दोन्ही बाजूंना एकेक काटा. मृगाचे पाऊस झाले की तो खोडातून बाहेर निघतो आणि रात्री शेतातल्या आखाड्यावरच्या बल्बवर येऊन धडकतो. तुम्ही तो नक्की पाहिला असणार, फक्त आंब्याशी संबंध लावला नसेल.

भुंगा स्वतः कोवळ्या फांद्यांची साल कुरतडतो, त्याने झाडाचं फार बिघडत नाही. खरं काम मादीच्या अंड्यांपासून सुरू होतं. खोडाच्या सालीला जबड्याने चीर पाडून ती एकेक अंडं आत ठेवते. एका मादीची अंडी दोनशेपर्यंत जातात. अळी आधी सालीखाली नागमोडी खात फिरते. पानांनी तयार केलेलं अन्न खाली मुळांकडे नेणारा थर नेमका तिथेच असतो. अळीने खोडाभोवती किंवा फांदीभोवती फेरा पूर्ण केला की त्यापुढचा भाग गेला. तुमची फांदी वाळली ती अशी. त्यानंतर अळी गाभ्यात शिरते, तिथे आठ-नऊ सेंटिमीटरपर्यंत वाढते, तिथेच कोष करते आणि पुढच्या पावसाळ्यात भुंगा होऊन निघते. वर्षाला एकच पिढी. ही गोष्ट आपल्या फायद्याची आहे, कारण पोळ्यापासून दिवाळीपर्यंत लक्ष ठेवलं तर वर्षभराचा बंदोबस्त होतो.

आता करायचं काय. संध्याकाळी झाडाच्या बुडाचा सगळा भुसा झाडून टाका, खोडावर चिकटलेलाही खरडून काढा. दुसऱ्या दिवशी सकाळी जिथे नवीन भुसा दिसेल तेच चालू भोक. ताजा भुसा फिकट आणि ओलसर असतो, जुना काळा पडलेला. ही एवढी गोष्ट न करता लोक मागच्या वर्षीच्या रिकाम्या भोकांत औषध भरत बसतात आणि अळी दोन वीत वर आरामात खात असते. चालू भोकाचं तोंड चाकूने थोडं मोकळं करा, दुचाकीच्या जुन्या क्लचची तार घ्या, टोक आकड्यासारखं वाकवा आणि हळूहळू आत फिरवत न्या. बोगदा सरळ नसतो, घाई केली तर तार मधेच अडते. टोकाला पांढरट चिकट द्राव किंवा अळीच लागून आली की काम झालं. मग कापसाचा बोळा पेट्रोलमध्ये भिजवून आत सरकवा आणि भोक चिखल-शेणाच्या घट्ट लगद्याने लिंपून टाका. पेट्रोल ओतायचं नाही, बोळा भिजेल एवढंच; जास्त झालं तर तिथली जिवंत सालही जळते. आणि हे काम चालू असताना गड्याला बिडी पेटवू देऊ नका. आठ दिवसांनी परत बघा. शेजारी नवीन भुसा आला तर आत दुसरी अळी आहे किंवा पहिलीच वाचली आहे, परत तार घाला.

औषधाबद्दल दोन शब्द स्पष्ट बोलतो. जुन्या पुस्तिकांत आणि कित्येक दुकानदारांच्या तोंडी अजून डायक्लोरव्हॉस आहे, गावाकडे ज्याला नुवान म्हणतात ते. केंद्र सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार ३१ डिसेंबर २०२० पासून त्यावर बंदी आहे. कुणाच्या कपाटातून जुनी बाटली निघाली तरी वापरू नका. काही जण भोकात सेल्फॉसच्या गोळीचा तुकडा टाकतात. ती गोळी साध्या शेतकऱ्याने हाताळायचीच नाही. ओल लागली की तिच्यातून फॉस्फीन वायू निघतो आणि त्याच्यावर उतारा नाही. एका अळीसाठी एवढा धोका पत्करण्याचं कारण मला कधी पटलेलं नाही.

आणि दुकानदाराने सांगितलेली फवारणी? अळी लाकडाच्या आत, तिच्या मागे भुशाचं बूच. वरून पानांवर कितीही फवारलं तरी तिला काही होत नाही. मरतात ते मोहोरावर येणाऱ्या माश्या, मधमाश्या आणि मित्रकीटक. पैसे वाचवा.

झाड तोडायचं की ठेवायचं, हे भोकं मोजून ठरवू नका. विळ्याच्या पाठीने खोड चहूबाजूंनी ठोका. जिथे पोकळ आवाज येईल तिथे चाकूच्या टोकाने साल नखभर खरडा. खाली हिरवट-पांढरं ओलं दिसलं तर तो भाग जिवंत. तपकिरी, कोरडं निघालं तर मेलेला. खोडाच्या घेरात निम्म्याहून जास्त साल जिवंत असेल तर झाड सावरतं, हा माझा अनुभव आहे. घेराचा तीन चतुर्थांश भाग मेला असेल तर ते झाड उगाच आशेने उभं ठेवू नका, कारण त्यातून पुढच्या जूनमध्ये निघणारे भुंगे शेजारच्या झाडांवर बसतील. तुमच्या फोटोंवरून दोन्ही केसर वाचण्यासारखे आहेत. वाळलेली फांदी मात्र आत्ता काढा. खुंट ठेवून कापू नका, फांदी जिथून फुटते त्या फुगवट्याला लागून कापा आणि जखमेवर बोर्डो पेस्ट लावा: एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी, आणि बादली प्लॅस्टिकची. बोर्डो पेस्टने आतली अळी मरत नाही, एवढं लक्षात असू द्या. ती जखमेत बुरशी शिरू नये म्हणून. कापलेली फांदी बांधावर टाकून ठेवलीत तर सगळी मेहनत वाया. आतल्या अळ्या त्या लाकडातही वाढ पूर्ण करू शकतात. उन्हाळ्याच्या आत चुलीत घाला.

गावरान आंब्याची गोष्ट वेगळी. म्हातारं झाड, गाभा आधीच पोकळ, त्यात ढोली. अशा झाडातला प्रत्येक किडा काढायचा हट्ट नको. गाभ्याचं लाकूड मेलेलंच असतं, झाड जगतं ते बाहेरच्या थरावर. चालू भोकं तेवढी साफ करा, वाळकं काढा, ढोलीत सिमेंट भरू नका. सिमेंट आत ओल धरून ठेवतं आणि झाड वाऱ्यात हललं की कडेने भेगा पडतात. त्या ढोलीत पिंगळा राहत असेल तर राहू द्या, भुंगे तोही खातो.

बाभळीकडे येऊ. तुमच्या तिसऱ्या फोटोत भुसा खोडाच्या वरच्या भागातून येत नाहीये, तो अगदी जमिनीलगत, मातीशी मिसळून ढिगाने पडलाय. हा सेलोस्टर्ना स्कॅब्रेटर नावाचा भुंगा, बाभळीचा जुना वैरी. द्राक्षवाले त्याला चांगला ओळखतात, त्यांच्या वेलीतही तोच शिरतो. पावसाळ्यात भुंगे फांद्यांची साल सोलून खातात, मादी खोडाच्या बुडाशी अंडं घालते आणि अळी खाली मुळात उतरते. म्हणून वरून काहीच कळत नाही आणि एक दिवस झाड पिवळं दिसतं. जास्त त्रास तरण्या बाभळींना होतो. जाड, जुन्या बाभळी सहसा टिकतात. जिथे भुसा ताजा आहे तिथे बुडाची माती उकरून भोक शोधा आणि तारेचाच प्रयोग करा. पूर्ण वाळलेली बाभूळ मात्र मुळासकट खणून काढा, कारण अळी खाली असते. वरून तोडून सरपण नेलं तर किडा बांधातच राहतो. सगळ्याच बाभळींच्या मागे लागू नका. शेंगा शेळ्यांच्या पोटातून जाऊन बी सगळीकडे पडतंच, बांधावर नवी बाभूळ कुणी न लावता येते.

मोसंबीच्या जाळीचं एका ओळीत: तो भुंगाच नाही, साल खाणारी अळी आहे, पतंगाची. रात्री जाळीखालून साल खाते, दिवसा फांदीच्या बेचक्यातल्या भोकात लपते. जाळी खरडून काढा, भोकात तार घाला, संपलं.

लिंबाबद्दल तुम्ही काळजीने विचारलंत म्हणून सांगतो. गेल्या काही वर्षांत मराठवाड्यात आणि शेजारच्या तेलंगणात कडुलिंबाचे शेंडे पावसाळ्याच्या शेवटी करपल्यासारखे वाळतात आणि लोक लगेच भुंग्याला दोष देतात. ते मुख्यतः फोमोप्सिस नावाच्या बुरशीचं काम आहे, त्याला शेंडे शोषणाऱ्या ढेकण्यांचीही साथ असते. खोडात भोक नाही, बुडाशी भुसा नाही, मग खोडकिडा कुठून असेल? बहुतेक लिंब पुढच्या पालवीला सावरतात. अर्धा वाळला म्हणून शंभर वर्षांचा लिंब पाडू नका.

आता त्या व्हिडिओकडे. तो हिरवा, चमकदार, जेमतेम एक सेंटिमीटरचा भुंगा म्हणजे एमराल्ड अ‍ॅश बोरर, अ‍ॅश नावाचं झाड पोखरणारा. मूळचा ईशान्य आशियातला: चीन, कोरिया, रशियाचा पूर्वेकडचा भाग. अमेरिकेत तो २००२ मध्ये मिशिगन राज्यात डेट्रॉइटजवळ सापडला. तोवर काही वर्षं तो तिथे गुपचूप वाढत होता. मालाच्या लाकडी पॅकिंगमधून आला असावा असं तिथले तज्ज्ञ मानतात. त्याने उत्तर अमेरिकेतली अ‍ॅशची कोट्यवधी झाडं मारली. तिथल्या सरकारने जळाऊ लाकूड एका भागातून दुसऱ्या भागात न्यायला बंदी घातली, तरी तो पसरतच गेला, आणि जानेवारी २०२१ पासून केंद्र पातळीवरची ती बंदी उठवावी लागली.

तुमच्यासाठी यातला महत्त्वाचा भाग असा आहे. हाच भुंगा चीनमध्ये मांचुरियन अ‍ॅशवर राहतो आणि तिथे सहसा कमजोर, दुखावलेल्या झाडांनाच मारतो. तिथलं झाड आणि तिथला भुंगा हजारो वर्षं एकमेकांशी झगडत आलेत, झाडाच्या सालीत त्याला रोखणारी रसायनं आहेत, शिवाय त्या अळ्यांवर जगणाऱ्या गांधीलमाश्या आहेत. अमेरिकेतल्या अ‍ॅशने हा भुंगा कधी पाहिलाच नव्हता. त्यामुळे तिथे ठणठणीत झाडही काही वर्षांत मरतं. बाहेरच्या किड्याचं नुकसान म्हणतात ते हे. तो भुंगा अ‍ॅशच्या कुळाला धरून राहतो. अ‍ॅशच्या जाती आपल्याकडे हिमालयात आहेत, मराठवाड्यात नाहीत. तुमच्या बाभळीला, लिंबाला, आंब्याला त्याच्यापासून भीती नाही.

हेच गणित उलटंही चालतं. आपला भिरूड इस्रायलमध्ये जाऊन अंजिराची झाडं मारतो. तिथे तोच ‘विदेशी भुंगा’. नारळ-शिंदीवरचा लाल सोंड्या भुंगा आपल्या भागातून १९८० च्या दशकात आखाती देशांत पोचला आणि त्याने पुढे भूमध्य समुद्राकाठच्या देशांत खजूर आणि शोभेचे ताड आडवे केले.

आपलाच किडा आहे म्हणून निर्धास्त राहावं, असाही अर्थ काढू नका. १९९० च्या दशकाच्या शेवटी मध्य प्रदेशात मंडला-डिंडोरीच्या जंगलात साल वृक्षाच्या बोररने लाखो झाडं घेतली. तो तिथलाच भुंगा होता. ताजी तोडलेली ओंडकी जागोजागी ठेवून त्यांच्या रसाच्या वासावर भुंगे गोळा करायचे आणि वेचून मारायचे, हा उपाय तेव्हा करावा लागला, आणि त्यासाठी गावकऱ्यांना भुंग्यामागे पैसे देत. म्हणजे आपला की परका, यापेक्षा झाडात दम किती, हा प्रश्न आधी येतो.

मराठवाड्यात तो दम दोन बाजूंनी तुटतो. एक दुष्काळ. निरोगी आंब्यात कोवळी अळी सालीत शिरली की चीक सुटतो आणि बऱ्याच अळ्या त्यातच अडकून मरतात. झाड तहानलेलं असलं की चीक सुटायला आत दाबच नसतो. २०१२-१३, २०१५-१६, २०१८-१९ या दुष्काळांनंतर दोन-दोन वर्षं खोडकिड्याच्या तक्रारी येत राहतात, याचं कारण हे. पाऊस परत आला म्हणून झाड लगेच सावरत नाही. तुमच्या बागेला उन्हाळ्यात ठिबकचं पाणी खोडाजवळ सोडता की पानांच्या घेराच्या कडेला, हे फोटोत दिसत नाही. पण खोडालगतच असेल तर ठिबकची नळी, म्हणजे लॅटरल, बाहेर सरकवा, पाणी पिणारी मुळं तिकडे आहेत. बुडाला उसाच्या पाचटाचं नाहीतर सोयाबीनच्या गुळीचं आच्छादन घाला, मात्र खोडापासून वीतभर लांब. आणि रोटाव्हेटर खोडाजवळून फिरवणं आजपासून बंद. तुमच्या दुसऱ्या फोटोत खोडाच्या बुडाशी गुडघ्याच्या खाली जी लांबट जखम आहे ती भुंग्याने केलेली नाही, अवजाराने केलेली आहे. मादीला अंडं घालायला अशी फाटलेली साल आयतीच मिळते.

दुसरी बाजू पाण्याची, आणि तिच्याकडे आपण कमी बघतो. काळी जमीन, पाणी बाहेर काढणारी चारी नाही, वावरात आठ-आठ दिवस पाणी उभं. सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीत मराठवाड्यात किती फळबागा पाण्याखाली होत्या ते वेगळं सांगायला नको. मुळांना हवा मिळाली नाही की ती आंबतात आणि झाडाच्या खोडातून इथेनॉल, म्हणजे साधा अल्कोहोल, बाहेर पडू लागतो. आपल्याला वास येत नाही, पण दोन मिलिमीटरच्या एका भुंग्याला तो दुरून येतो.

हा भुंगा म्हणजे शॉट होल बोरर, डाळिंबवाले ज्याला पिन होल बोरर म्हणतात. माझ्या मते मराठवाड्याने खरी काळजी करायची ती याच्या जातीच्या भुंग्यांची, व्हिडिओतल्या हिरव्याची नाही. हा लाकूड खातच नाही. मादी खोडात टाचणीएवढं भोक पाडते, आत बोगदे काढते आणि अंगावरच्या खास पिशवीतून आणलेली बुरशी त्या बोगद्यांच्या भिंतींवर पेरते. ती बुरशी ती खाते आणि पिल्लंही तिच्यावरच वाढतात. झाडाचा जीव जातो तो बहुतेक वेळा या बुरशीने, कारण पाणी वर नेणाऱ्या नळ्या तुंबतात. बहीण-भावंडांचं मीलन बोगद्यातच होतं, नराला उडता येत नाही, आणि बाहेर पडणारी मादी आधीच गाभण असते. म्हणजे एक मादी कुठल्याही लाकडात बसून नव्या गावी पोचली की वंश सुरू. जोडी लागत नाही.

याच गटातल्या पॉलिफॅगस शॉट होल बोररने, जो मूळचा आशियातलाच, कॅलिफोर्निया आणि इस्रायलमध्ये अ‍ॅव्होकॅडोच्या बागा आणि रस्त्याकडेची झाडं धरली. दक्षिण आफ्रिकेत तो २०१७ मध्ये पीटरमारित्झबर्गच्या वनस्पती उद्यानात लक्षात आला आणि मग शहराशहरांतली झाडं वाळू लागली. शेकडो जातींच्या झाडांवर तो बसतो, आणि म्हणूनच हिरव्या भुंग्यापेक्षा जास्त अवघड आहे. अमेरिका खंडातून आलेला युप्लॅटिपस पॅरेलेलस नावाचा असाच एक बुरशीवाला भुंगा केरळात रबराच्या झाडांत सापडलेला आहे. बाहेरचं आपल्याकडे येत नाही असं कुणी म्हणू नये. मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी २०१८ मध्ये कर्नाटकात पहिल्यांदा दिसली आणि त्याच वर्षी आपल्या मक्यात होती. तुमच्या बांधावरचं गाजर गवतसुद्धा परदेशीच.

शॉट होलची खूण लक्षात ठेवा. भुसा ढिगाने पडत नाही. खोडावर टाचणीएवढी गोल भोकं, कधी त्यातून दातकोरणीएवढी बारीक पांढरी काडी बाहेर आलेली, हात लावला की मोडणारी. सालीवर ओला काळपट डाग. असं आंब्यावर, डाळिंबावर किंवा सीताफळावर दिसलं तर तारेचा उपयोग नाही, एवढ्या लहान भोकात तार जातच नाही. झाड फार गेलं नसेल तर आधी चारी काढून पाणी बाहेर काढा, वाळलेला भाग कापून त्याच दिवशी जाळा आणि खोडावर मुलाम्याचं कोणतं औषध लावायचं ते त्या पिकाची लेबलवरची शिफारस बघून कृषी विज्ञान केंद्राकडून लिहून घ्या. डाळिंबाच्या बागेत हे आलं आणि शेजाऱ्याला सांगितलं नाही, असं मी फार बघतो. भाव पडेल या भीतीने लपवतात. तोवर कापलेल्या फांद्या कुंपणाला लावलेल्या असतात आणि पुढच्या पावसात शेजारचीही बाग धरते.

राहिले पॅलेट. पांढरं पीठ बोटांवर घेऊन चोळलं तर मऊ लागतं, धागा लागत नाही, फळीला दोन-तीन मिलिमीटरची गोल भोकं. हे वाळक्या लाकडातले घुण, बांबूला आणि बाभळीच्या ओल्या दांड्याला लागतात त्याच गोतावळ्यातले. आपले असू शकतात, लाकडासोबत आलेलेही असू शकतात. आपल्याकडचे सायनोक्सिलॉन जातीचे घुण तर आपल्या पॅकिंगमधून जाऊन परदेशातल्या बंदरांवर पकडले जातात. पॅलेट कुठून आला हे मात्र तुम्ही स्वतः बघू शकता. फळीच्या कडेला डाग देऊन उमटवलेला शिक्का शोधा: चौकटीत गव्हाच्या ओंबीचं चिन्ह, शेजारी देशाची दोन इंग्रजी अक्षरं (भारत असेल तर आयएन), कारखान्याचा क्रमांक आणि एचटी किंवा एमबी. २००२ मध्ये ठरलेल्या आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे असं लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटं तापवावं लागतं, ते म्हणजे एचटी. एमबी म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते लाकूड चुलीत घालू नका आणि शेळ्यांच्या गव्हाणीलाही वापरू नका. शिक्का असला म्हणजे किडा नाहीच, असं नाही. तापवल्यानंतर गोदामात पडून असताना घुण परत लागतात. पण शिक्काच नसलेली, सालीचे तुकडे तसेच चिकटलेली परदेशी मालाची फळी दिसली तर ती शेतात नेऊच नका. जिवंत झाडाचे किडे सालीखाली प्रवास करतात. तुमच्याकडच्या पीठ गळणाऱ्या फळ्या वेगळ्या काढा, एमबीचा शिक्का नसेल तर उन्हाळ्याच्या आत जाळून टाका, बाकीच्यांना उन्हात चांगलं तापवून मगच शेडला वापरा.

गावात खात्री करून घ्यायची असेल तर चर्चा करण्यापेक्षा नमुना पाठवा. भुंगा सापडला तर लहान बाटलीत सर्जिकल स्पिरिटमध्ये ठेवा. अळी असेल तर आधी मिनिटभर उकळत्या पाण्यात बुडवा आणि मग स्पिरिटमध्ये घाला, नाहीतर ती काळी पडते आणि ओळखता येत नाही. भोक असलेला लाकडाचा तुकडा दोन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, तोंड घट्ट बांधून. चिठ्ठीवर पेन्सिलने लिहा, स्पिरिट लागलं की पेनची शाई पसरते: झाड कोणतं, गाव, तारीख, जमिनीपासून किती उंचीवर सापडलं. खरपुडीचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ आहे. तिथून परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाच्या कीटकशास्त्र विभागाकडे पाठवता येईल, आणि तिथेही जात ठरली नाही तर बंगळुरूच्या राष्ट्रीय कृषी कीटक संसाधन ब्युरोकडे. शॉट होलच्या जाती तर एकमेकींसारख्या इतक्या दिसतात की भिंगाखालीही भांडण होतं, तिथे मोबाइलचा फोटो पुरणार नाही. भिरूडचा नमुना पाठवायची गरज नाही. त्याच्यासाठी क्लचची तार पुरे.